त्रेचाळीस पावलांवरून टिटवी

३० एप्रिलला सकाळी कचऱ्याची गाडी चुकली. इंदूरमध्ये राहणाऱ्याला यातलं गांभीर्य सांगायला नको. ओला आणि सुका, दोन्ही डबे घेऊन मी मागच्या गल्लीत गाडी गाठायला निघाले आणि वळसा वाचावा म्हणून मधल्या रिकाम्या प्लॉटमधून घुसले. चार पावलं गेले असेन तोच एक टिटवी डोक्यावरून किंचाळत अशी काही झेपावली की सुक्या कचऱ्याचा डबा तिथेच सांडला. दुधाच्या पिशव्या गोळा करायला वाकले तेव्हा अंडी दिसली.

दोन होती. मातीच्या रंगाची, वर शाई शिंपडल्यासारखे काळपट डाग. घरटं म्हणावं असं काहीच नाही. जमिनीत बशीएवढा उथळ खळगा, कडेनं बारीक खडे आणि बकरीच्या वाळक्या लेंड्या. पाय अर्धा हात इकडे पडला असता तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

दोन वर्षांपूर्वी बँकेतून निवृत्त झाले तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्याचा जुना निकॉन पी ९०० कॅमेरा मला २४ हजारांत दिला. (आत्याकडून पैसे घेतले, हे मी अधूनमधून त्याला ऐकवते.) हिवाळ्यात इंदूरच्याच सिरपूर तलावावर पक्षी बघणाऱ्या एका गटाबरोबर जायला लागले. छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं जपलेला तलाव तो. २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. तिथं बदकं, बगळे, कमळपक्षी यांचे बरे फोटो मिळाले होते. घरट्याचा मात्र एकही नव्हता. म्हणून त्याच दिवशी, जेवण उरकून दुपारी दीड वाजता, मी कॅमेरा घेऊन प्लॉटवर हजर.

आता जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. अंड्यांपासून दहा-बारा फुटांवर उभी राहिले आणि वीस मिनिटं फोटो काढले. टिटवी वर घिरट्या घालत ओरडतेय, मधेच जमिनीवर उतरून पंख पाडून लंगडतेय, आणि मी खूश, की काय सुंदर पोझ देतेय! संध्याकाळी भाच्याला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवले. त्याचा लगेच फोन.

“आत्या, हे किती वाजता काढलेस?”

“दीड-पावणेदोन.”

“बाहेर तापमान किती होतं?”

“एक्केचाळीस असेल. का रे?”

“मग वीस मिनिटं त्या अंड्यांवर सावली कोणी धरली?”

मला वाटत होतं पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला. मे महिन्याच्या दुपारी टिटवी बसते ती ऊन अडवायला. उघड्या जमिनीवरची अंडी त्या उन्हात थोड्या वेळातच आतून शिजू शकतात. आणि ते लंगडणं म्हणजे पंख मोडल्याचं सोंग: अंड्यांकडे येणाऱ्याला आपल्या मागे लावून दूर न्यायची युक्ती. ती जिवाच्या आकांताने सोंग करत होती आणि मी टाळ्या वाजवत होते, असाच त्याचा अर्थ. एकसष्ट फोटो होते, सगळे डिलीट केले. तसेही बहुतेक हललेलेच होते.

रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी सहा वाजता यांची दुर्बीण घेऊन रस्त्याच्या टोकाला उभी राहिले. टिटवी बसलेली होती. डोळ्यांपुढची लाल चामडी उन्हाच्या पहिल्या तिरिपेत कुंकवासारखी दिसत होती. तिथूनच परत फिरले.

४ मेला ती अंडी फिरवायला उठली तेव्हा दुर्बिणीतून चार मोजली. टोकं आत, रुंद बाजू बाहेर, अधिक चिन्हासारखी मांडलेली. टिटवी बहुतेक चारच अंडी घालते आणि २८ ते ३० दिवस उबवते. नर-मादी आळीपाळीने बसतात. म्हणजे जूनच्या १ ते ३ तारखेच्या आसपास पिल्लं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल केला. गॅस सिलेंडरच्या तारखेशेजारी.

त्याच संध्याकाळी समोरच्या बांधकामावरच्या चौकीदाराने सांगितलं, “दीदी, पंद्रह तारीख को यहाँ जेसीबी आ रही है.” पावसाळ्यापूर्वी प्लॉट साफ करून पाया खणायचा होता. फोटो बाजूलाच राहिले, पुढचे पंधरा दिवस कागदांत गेले.

आधी कायदा समजून घ्यावा म्हणून ८ मेला वनखात्याच्या कार्यालयात गेले. हिंदीत टाइप केलेला अर्ज, दोन प्रती, आधारची छायाप्रत, प्लॉटचा हाताने काढलेला नकाशा. टायपिंगचे ६० रुपये, झेरॉक्सचे १२. मी विचारलं होतं की घरट्याचा फोटो काढायला परवाना लागतो का, आणि घरटं वाचवण्यासाठी काय करता येईल. तिथले बाबू सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली आणि समजावलं की अभयारण्यात फोटोग्राफीसाठी परवानगी घ्यावी लागते, उद्या रालामंडलला गेलात तर तिथले नियम तिथे. कॉलनीतल्या प्लॉटवर रस्त्यावरून फोटो काढायला परवाना नको. पण वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ मध्ये ‘शिकार’ची जी व्याख्या आहे, कलम २ चं पोटकलम १६, तिच्यात वन्य पक्ष्यांच्या अंड्यांचं नुकसान करणंच नव्हे, अंडी किंवा घरटी विस्कटणं, त्यांना त्रास देणंही येतं.

मी गप्प झाले. ३० एप्रिलची दुपार आठवली. म्हणजे मीच.

लेखी उत्तर हवं होतं, पण साहेब वणव्याच्या ड्युटीवर. १३ तारखेला पुन्हा गेले, तरी नव्हते. शेवटी २१ला चार ओळींचं पत्र मिळालं. तोवर त्याची गरज संपली होती, पण आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली माझी प्रत मात्र खूप कामी आली. कुठेही अर्ज दिलात तर शिक्का मारलेली प्रत हातात आल्याशिवाय खिडकी सोडू नका. जेसीबीवाल्याला कलम वाचून दाखवलं तर तो ऐकत नाही. गोल शिक्का बघितला की थांबतो.

दुसरी पायरी रहवासी संघ. रविवारी बैठक होती. विषय क्रमांक सात, ‘अन्य’. मी कायदा सांगितला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणीतरी पार्किंगचा विषय काढला. एवढ्यात एका ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं, “अंडे कितने हैं?”

“चार.”

“चार? फिर तो चार महीने बारिश पक्की!”

माळव्यात टिटवीच्या अंड्यांवरून पावसाचा अंदाज बांधतात. जितकी अंडी तितके महिने. उंचावर घातली तर जास्त पाऊस. टिटवी जवळजवळ नेहमीच चार घालते, तेव्हा हा अंदाज वर्षानुवर्षं तोच निघत असणार, हे मी बोलले नाही. बैठकीचा नूर बदलला. चार महिन्यांचा पाऊस जेसीबीखाली कोण घालणार? दहा मिनिटांत ठराव मंजूर. माझ्या कायद्याच्या कलमापेक्षा ही समजूत जास्त उपयोगी पडली, हे मान्य करायला हवं.

घरी उलट प्रकार. सासूबाई म्हणाल्या, “रात्री टिटवी ओरडणं चांगलं नाही, आणि तू तिच्यासाठी ऑफिसांच्या पायऱ्या झिजवतेस?” पण तिसऱ्या खेपेला निघाले तेव्हा त्यांनीच पन्ह्याची बाटली हातात दिली आणि पुटपुटल्या, “जा बाई. टिटवी देखील समुद्र आटविते.” म्हण टिटवीला उद्देशून होती की मला, विचारलं नाही.

प्लॉटचे मालक देवासला राहतात. ११ मेला फोनवर बोलले. आधी वैतागले, आणि ते साहजिक होतं. जेसीबीला २ हजार ॲडव्हान्स दिलेला, तारीख बदलली तर तो बुडणार. मी म्हटलं, तो मी देते. त्यांनी हजारच घेतले. “१५ जूनपर्यंत थांबतो, त्याच्या पुढे एक दिवस नाही.” हे मी व्हॉट्सॲपवर लिहून घेतलं. सवयच ती, बँकेत पस्तीस वर्षं काढली.

आता फोटो.

भाच्याची पहिली अट अशी की पायी जायचंच नाही. माणसाची उभी आकृती पक्ष्याला धोका वाटते, उभ्या गाडीची सवय होते. आमची जुनी वॅगनआर हेच लपण. पहिल्या दिवशी साठ पावलांवर गाडी लावली. पावलं आदल्या दिवशी रस्त्यावरच मोजून ठेवली होती. इंजिन बंद, काच अर्धी खाली, काचेत जुनी चादर अडकवून कॅमेऱ्यापुरती फट. ती उठली, थोडी लांब जाऊन उभी राहिली, तीन मिनिटांत परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी पन्नास. तिसऱ्या दिवशी पस्तीसवर गेले तर तिने मान ताठ केली, खालीवर हलवायला लागली आणि एक बारीक ‘टिट्’ काढला. ओरडा नव्हे, ओरड्याच्या आधीचा. तो ऐकला की मागे. तशी मागे-पुढे होत गाडी ४३ पावलांवर ठरली, साधारण शंभर फूट. हा आकडा माझ्या टिटवीचा. माळरानावरची टिटवी कदाचित याहून लांबूनच उठेल. तुमचा आकडा तुमचा पक्षी सांगेल. मी ठरवलेला नियम एवढाच होता की ती उठली आणि पाच मिनिटांत बसली नाही तर मी निघायचं, फोटो मिळो न मिळो. दोनदा तशी निघाले.

कॅमेऱ्याचं सांगायचं तर आवाज आणि पुढचा लाल दिवा बंद केला, फ्लॅशचं तर नावच नको. खिडकीवर ट्रायपॉड बसत नाही, म्हणून जुन्या जीन्सचा पाय कापून शिवला, त्यात दोन किलो ज्वारी भरली आणि त्यावर कॅमेरा टेकवला. हलत नाही, आणि जून संपल्यावर ज्वारी दळून आणली. जीपीएस आठवणीने बंद करा. या मॉडेलमध्ये ते आहे, आणि फोटोबरोबर जागेचा पत्ता जातो. सकाळी पावणेसहा ते साडेसात एवढाच वेळ. आठनंतर जमिनीवरून गरम हवेच्या लाटा उठतात आणि लांबच्या झूममध्ये टिटवी पाण्याखाली बसल्यासारखी दिसते. शिवाय बंद गाडीत मे महिन्यात माणूसही उबतो. एक दिवस हट्टाने साडेनऊपर्यंत बसले आणि घरी येऊन उलट्या झाल्या. पाण्याची बाटली शेजारच्या सीटवर ठेवा, मागच्या नको. वळलात की गाडी हलते.

घरट्याला हात लावायचा नाही, हे तर झालंच. पण आजूबाजूलाही काही करायचं नाही, हे मला उशिरा कळलं. मला चार विटा लावून आडोसा करावासा वाटत होता. भाचा म्हणाला, आत्या, विटा बघून कावळा विचार करेल की इथे काय आहे. आडवं आलेलं एक वाळकं गवताचं पातं प्रत्येक फोटोत टिटवीच्या डोळ्यावर येत होतं, महिनाभर. तेही तसंच राहू दिलं. माझ्या प्रत्येक फोटोत ते पातं आहे.

१६ मे. या एका सकाळीसाठी सगळं करावं. सव्वासातला घरट्यावरची टिटवी उठली आणि दुसरी चालत आली. नालीच्या बाजूने, जराशी घाईत. झूममधून पाहते तर पोटाची पांढरी पिसं काळवंडलेली, चिकटलेली. मला वाटलं जखमी आहे. ती अंड्यांवर उभी राहिली, पाय फाकले, पिसं फुगवली आणि हळूहळू टेकली. टेकण्याआधी पोटाच्या एका पिसावरून थेंब सुटला आणि डाव्या अंड्यावर पडला. तिथं गडद डाग झाला, बघता बघता वाळून गेला. आधीची टिटवी त्याच वाटेने नालीकडे गेली. पोट भिजवून आणायचं आणि अंडी गार करायची. पुस्तकात एका ओळीत असतं हे. मी शटर दाबायला विसरले. नंतरच्या दिवसांत ओल्या पोटाचे फोटो मिळाले, तो थेंब मिळाला नाही.

१९ मेला रविवार नसूनही गर्दी. कुणी तरी पोरांना सांगितलं होतं. तिघं मोबाईल घेऊन घरट्यावर चालले, रील काढायला. मी गाडीतून ओरडले असते तर टिटवी आणखी बिथरली असती, म्हणून चौकीदाराला फोन केला. तो शिट्टी वाजवत आला. पोरांना मी गाडीत बसवलं आणि झूममधून दाखवलं. त्यातला एक म्हणाला, “अरे भिया, ये तो आँख झपकाती है!” त्यानंतर पहारा त्यांनीच केला. बकऱ्या रोज दहा वाजता यायच्या, त्यांना ते वळसा घालून न्यायचे. एकदा एक बोकड चुकलाच. टिटवी उठली नाही, पंख पसरून त्याच्या तोंडावर उभी राहिली. बोकडाने दोनदा विचार केला आणि मान वळवली.

२८ मेच्या रात्री वादळ, वीज, टपोरा पाऊस. प्लॉट खोलगट आहे. पहाटे जाऊन बघते तर खळग्यापासून दोन-अडीच हातांवर डबकं, आणि टिटवी बसलेली. पाठीवरची पिसं ओली. तिने रात्रीतून खड्यांची कड वाढवली होती का, की मला तसं वाटलं, कोण जाणे.

१ जूनला काहीच झालं नाही. २ जूनला सहा वाजून दहा मिनिटांनी ती उठली, चोचीत टरफलाचा अर्धा तुकडा धरला आणि उडत लांब जाऊन टाकून आली. टरफलाची आतली पांढरी बाजू कावळ्यांना लांबून चमकते ना. पोटाखालून एक डोकं वर आलं. तपकिरी, ठिपकेदार, मानेला पांढरा पट्टा. काडीएवढे पाय आणि वर कापूस. सकाळभरात तीन झाली. वाळली, उभी राहिली, पडली, पुन्हा उभी राहिली. त्या दिवशी मी पुढे सरकले नाही, उलट गाडी दहा पावलं मागे घेतली. हा काळ सगळ्यात नाजूक. तिने उठून पळायची वेळ आली तर पिल्लं विखुरतात. फोटो लहान आलेत, पण आलेत.

टिटवीची पिल्लं घरट्यात राहात नाहीत. दुपारी चौकीदाराचा फोन आला की चौघं चालायला लागलीत. चौथं कधी निघालं, मी पाहिलं नाही. ३ तारखेला गवतात एकच दिसलं. आईने ‘टिट्’ केलं आणि ते वाळक्या शेणाच्या गोवरीला चिकटून असं गोठलं, की डोळ्यांदेखत नाहीसं झालं. मी गाडी जागेवरून हलवली नाही. चाकाखाली दुसरं असेल तर? चौकीदाराने येऊन खाली वाकून बघितलं, मग निघाले. पुढच्या आठवड्यात दोन मोठी होताना दिसली. बाकीच्या दोघांचं मुंगूस जाणे.

पाच आठवड्यांत २१४ फोटो काढले, त्यातले नऊ ठेवलेत. एका स्पर्धेला पाठवायचे होते, पण नियमावलीत घरट्यांचे फोटो चालणार नाहीत असं स्वच्छ लिहिलेलं. आधी राग आला. मग ३० एप्रिलच्या दुपारसारखे किती जण असतील, हे लक्षात आलं. जेसीबीचे हजार, पेट्रोल साधारण नऊशे, टायपिंग-झेरॉक्स-रिक्षा मिळून अडीचशे, एवढाच सगळा खर्च.

१५ जूनला संध्याकाळी देवासहून फोन. “काकू, झालं का तुमच्या टिटवीचं बाळंतपण? उद्या मशीन पाठवतोय.” मी म्हटलं, पाठवा.

१६ला सकाळी जेसीबी यायच्या आधी प्लॉटवर गेले. दीड महिन्यात पहिल्यांदा पायी. रस्त्यावरच्या माझ्या खुणेपासून त्रेचाळीस पावलं मोजली. खाली काही नाही. परत गेले, पुन्हा मोजली. खडे सगळीकडे, लेंड्या सगळीकडे. चौकीदार आला, इकडे तिकडे बघत म्हणाला, “यहीं तो था, दीदी.” शेवटी ते आडवं गवताचं पातं सापडलं. त्याच्यापाशी वाकले तेव्हा खळगा दिसला, पावसाने अर्धा भरलेला.

नालीपलीकडच्या प्लॉटवरून ती ओरडायला लागली. मी उठले आणि रस्त्यावर येऊन उभी राहिले.